बोराटीतला दगड

१

दगड चोरीला गेल्याची तक्रार घेऊन माणूस आला तर वकिलानं काय करावं, हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. धाराशिवच्या कोर्टात मी बरीच वर्षं काळा कोट घालतेय. शेळ्या गेल्या, मोटारी गेल्या, केबल गेली, उभं सोयाबीन रातोरात कापून नेलं, असल्या तक्रारी मी झोपेतसुद्धा लिहीन. पण बशीरचाचा खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "बाई, आमचा दगड गेला," तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

बेंबळीच्या शिवारात त्यांची जमीन. शेजारी बलभीमअण्णांचं रान. दोन्हींच्या मधे सामाईक बांध, आणि बांध म्हणजे काही पाऊलवाट नव्हे, एखाद्या खोलीएवढा रुंद. त्यावर बोराटी, तरवड, चिलार, सागरगोटा असं सगळं एकमेकांत गुंतून वाढलेलं. त्या काटवणाच्या पोटात कुठंतरी हद्दीचा दगड होता, मांडीएवढा लांब, काळा, सपाट डोक्यावर छिन्नीनं फुली मारलेला. चाचांच्या आजाच्या काळात मोजणी झाली तेव्हाचा.

चाचा लेकीच्या बाळंतपणासाठी सोलापूरला गेले होते. युसराला मुलगा झाला म्हणून पेढे घेऊन परत आले, तर बांध नाही. बलभीमअण्णांच्या मुलानं, उत्कर्षनं, तारेचं कुंपण घालायचं म्हणून जेसीबी लावून सगळं सपाट केलेलं. आणि दगडही नाही.

"बरं, मग दुसरा दगड रोवू," मी म्हणाले. वकील असं काहीतरी बोलतातच.

चाचांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला आवडली नाही. मग त्यांनी विहिरीचं सांगितलं. बांधाच्या रुंदीतच, त्यांच्या अंगाला, त्यांच्या वडिलांनी खोदलेली विहीर आहे. कांदा त्या पाण्यावर, घरातलं पिण्याचं त्या पाण्यावर. जुना नकाशा आणि प्रत्यक्ष रान यांत काही हातांचा फरक पडतो, हे गावात सगळ्यांना माहीत. आजवर फरक कुणी काढला नाही, कारण मधे बोराटी उभी होती आणि काट्यात शिरून भांडायची हौस कुणालाच नव्हती. आता उत्कर्ष म्हणतोय की हद्द विहिरीच्या अलीकडून, चाचांच्या रानातून जाते, म्हणजे विहीर त्याची. मोजणीदारानं तोंडी सांगितलंय की दगड दाखवा, दगडावरून मोजतो. नसेल तर नकाशावरून. नकाशावरून मोजलं तर विहीर जाते.

"कुणी नेला असेल?" मी विचारलं.

"उत्कर्षनं. दुसरं कोन?"

"आणि बलभीमअण्णांना माहीत नसेल?"

चाचांनी आणि अण्णांनी लहानपणी एकत्र गुरं राखली होती. चाचा म्हणाले, "बलभीमनं औंदा येळवशीला बोलवलं न्हाय." दगडापेक्षा हे जास्त लागलेलं दिसत होतं.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभारायची, तीत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, आणि वाटेवरून जाईल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. आवतणाची कुणी वाट बघत नाही. पण बांधाच्या पलीकडच्या शेजाऱ्याला मात्र नाव घेऊन बोलवतात. बशीरचाचांना कळायला लागल्यापासून हे आवतण कधी चुकलं नव्हतं.

मोजणीची तारीख पुढच्या आठवड्यातली होती. मी वकीलपत्रावर सही घेतली. दारात जाऊन चाचा परत वळले.

"एक सांगायचं ऱ्हायलं, बाई. त्यानं बांधावरचं येक बी झाड तोडलं न्हाय. तितंच तर समदा घोटाळा हाय."

२

ते खरं होतं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. वाटेकडच्या टोकाला दोन लिंब आणि एक हिवर होते तसे उभे होते, फांदीसुद्धा मोडलेली नव्हती. तिथून विहिरीपर्यंत आणि पुढं ओढ्यापर्यंत जमीन फणी फिरवल्यासारखी साफ. जे कायद्यात झाड होतं ते राहिलं होतं आणि जे नव्हतं ते गेलं होतं.

येताना मी तहसील कचेरीत जाऊन, बांध मोडल्याबद्दल चाचांनी आधीच दिलेल्या अर्जाचं काय झालं ते विचारून आले होते. बांधावरचं झाड तोडायला परवानगी लागते आणि बांध सामाईक असेल तर दोघांची संमती लागते, एवढं मलाही माहीत होतं. कारकुनानं विचारलं, कोणकोणती झाडं तोडली? मी सांगितलं, बोराटी, तरवड, चिलार, सागरगोटा. तो बिचारा चांगला माणूस होता. त्यानं दोनदा यादी वाचून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, यातलं एकही झाड नाही. ही झुडपं आहेत. झुडपाला रकाना नाही." पंचनाम्यात 'वृक्षतोड निरंक' असं लिहून फाईल कधीच बंद झाली होती.

मला संताप आला, पण कुणावर करायचा ते कळेना. त्या काटवणात होले आणि तितर राहत होते, मुंगसं होती, गावातल्या पोरांची हिवाळ्यातली बोरं होती. शिवाय कुणाचं रान कुठं संपतं हे ते न बोलता सांगत होतं. दोन घरांत तीन पिढ्या भांडण झालं नाही ते त्या काट्यांमुळं. आणि कायद्याच्या लेखी तिथं काही नव्हतंच, त्यामुळं काही गेलंही नव्हतं.

उत्कर्ष मोटरसायकलवरून आला. तिशीचा, शिकलेला, दोन वर्षं पुण्यात नोकरी करून परतलेला. मी भांडायच्या तयारीत होते आणि त्यानं मला सावलीत बसायला खुर्ची आणून दिली. अशा माणसांशी भांडणं फार अवघड असतं.

त्यानं काही लपवलं नाही. त्या काटवणात रानडुकरं राहतात, दरवर्षी हरभऱ्यात लोळतात, म्हणून तार घालायची. आधी नियम वाचले, कचेरीत जाऊन विचारलं, मगच मशीन आणलं. "ताई, मी झाड तोडलं असतं तर गुन्हेगार. एक तरी बुंधा दाखवा."

"आणि दगड?"

"मी लहानाचा मोठा या रानात झालो. मला तरी दगड कधी दिसला नाही. चाचा म्हणतात म्हणून होता असं मानायचं का?"

लोखंडी खांब वाटेकडून रोवत आणले होते आणि विहिरीच्या थोडं अलीकडं काम थांबवलं होतं. खांबांच्या बुडाशी दगड ठासून वर काँक्रीट ओतलेलं. आणि शेवटच्या खांबाच्या बुडातून एक काळा, घडीव कोपरा बाहेर आला होता. हद्दीचा दगड चोरून हद्दीच्याच खांबाखाली गाडायचा, म्हणजे हुशारी म्हणायची की निर्लज्जपणा, याचं उत्तर मी मनात तयारही करून टाकलं.

मी बोट दाखवलं. उत्कर्षनं पहार आणली आणि माझ्यासमोर काँक्रीट फोडून तो दगड मोकळा केला.

ते फुटक्या जात्याचं अर्धं होतं.

"ताई, मी नेला असता तर इतका जवळ ठेवला असता का?" तो म्हणाला. मी मान खाली घालून साडीचा काठ झटकत राहिले. "आणि मशीन चाललं त्या दिवशी मी इथं नव्हतोच, तुळजापूरला होतो. बाबाही गावात होते. रानात एकटा जेसीबीवाला होता. अणदूरचा गुंडाप्पा. त्याला विचारा."

३

अणदूर माझं माहेर. खंडोबाच्या देवळामागं मोकळ्या जागेत गुंडाप्पाचं मशीन उभं होतं आणि तो खाली बसून सांध्यांना ग्रीस भरत होता. मला पाहून हात पुसत उठला. वडिलांची तब्येत, आईचे गुडघे, सगळी चौकशी झाली. त्याची बोली थोडी कन्नड वळणाची, ऐकायला गोड. बेंबळीच्या बांधाचं नाव काढलं तेव्हाही तो नीट बोलत होता. सगळं एका दिवसात ओढून काढलं, काट्यांचा ढीग बलभीमअण्णांच्या अंगाला लावला, संध्याकाळी निघालो, असं त्यानं सांगितलं.

मग मी दगडाचं विचारलं.

"कसला दगड ओ बाई. दगड न्हवता तितं."

तो परत खाली बसला आणि ग्रीस भरू लागला. मी दगडाचं वर्णन केलं. त्यानं मान हलवली. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा मान हलवली. एवढ्या वेळात तो एकाच सांध्यात ग्रीस भरत होता आणि ते बाहेर येऊन जमिनीवर पडत होतं, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

आता मी जे केलं ते काही फार सभ्य नव्हतं. मी थाप मारली. म्हणाले, गुंडाप्पा, तुला ढिगातून दगड उचलताना पाहिलेला माणूस आहे.

त्याचा चेहरा उतरला. तो उठला, दोन्ही कानांना हात लावला आणि म्हणाला, "बाई, म्या देवाला मुद्दाम हात लावला न्हाई."

मी कुठल्याही देवाचं नाव काढलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत तो केबिनमधे चढला आणि त्यानं मशीन चालू केलं. त्या आवाजात मग काहीच ऐकू येईना.

४

परतीच्या एसटीत मी त्याच एका वाक्याला चिकटून बसले होते. बांधावर देव कुठला? चाचांनी देवाचं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कारणही नव्हतं, तो बलभीमअण्णांचा असणार.

सकाळी मी थेट अण्णांच्या रानात गेले. ज्वारी हुरड्यावर आली होती. बलभीमअण्णा आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई दोघंही तिथंच होते. मी विरुद्ध पक्षाची वकील, पण लक्ष्मीबाईंनी आगटीत भाजलेली कणसं चोळून गरम हुरडा माझ्या पदरात ओतला आणि वर तिळाची चटणी ठेवली. अण्णा मात्र पाठ करून बसले होते.

मी त्यांना येळवशीच्या आवतणाचं विचारलं. ते तसेच पाठमोरे म्हणाले, "त्येनं माज्या पोरावर कचेरीत आर्ज केला. मला इचारलं आसतं तर म्या पोराच्या कानाखाली वाजिवली आसती. पर त्यो आधी कचेरीत गेला. आता आर्ज केलेल्या मानसाला कसं म्हनायचं, ये जेवायला?"

"दगडाचं तुम्हाला काय वाटतं?"

"दगड हुता. म्या ल्हानपनी बगिटलाय. माजं पोरगं चोर न्हाय, आन् बशीर खोटं बोलत न्हाय. आता ह्याचा आर्थ तुमीच लावा."

मी लक्ष्मीबाईंकडं वळले आणि बांधावर देव होता का, असं विचारलं. त्या हसल्या. देव कसला, म्हणाल्या, आमचे पांडव असतात तिथं. वर्षभर बोराटीच्या बुडाला, आमच्या अंगाला, कडेला ठेवलेले. येळवशीला तिथून उचलून कोपीत आणायचे, चुना लावायचा आणि ज्वारीची मळणी होऊन रास झाली की परत नेऊन ठेवायचे. औंदा मात्र मशीन येऊन गेलं, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई सरपणाला काट्या आणायला गेल्या तर पांडव मातीत लोळत पडलेले. तेव्हाच उचलून घरी आणले.

कोप अजून तशीच उभी होती, कडबा थोडा कलंडलेला. मी वाकून आत पाहिलं. पाच पांडव ओळीनं बसले होते. समोर वाळलेली फुलं आणि पालथी घातलेली आंबिलीची मोगी, म्हणजे मातीचं छोटं मडकं.

मी लहानपणी आमच्या रानातल्या पांडवांना चुना लावलेला आहे. दरवर्षी जुन्या चुन्यावर नवा चढतो, त्याचे पोपडे येतात, आणि खालच्या दगडाला मूळचा आकारच उरत नाही. इथंही चार दगड तसेच होते, फुगलेले, गुबगुबीत. पाचवा त्यांच्यापेक्षा उंच होता. त्याच्यावर चुन्याचा एकच पातळ हात होता आणि आतून काळा दगड दिसत होता.

मी हुरडा खाऊन घेतला, लक्ष्मीबाईंचे आभार मानले आणि कुणाला काही न बोलता निघाले.

५

दुसऱ्या दिवशी सगळे कोपीसमोर जमले. गुंडाप्पाला माझ्या वडिलांनी फोन केला होता, त्यामुळं तो नाही म्हणू शकला नाही. बशीरचाचा बांध होता तिथपर्यंत आले आणि थांबले. कुणी 'या' म्हणेना. शेवटी लक्ष्मीबाई म्हणाल्या, "भावजी, उन्हात का हुबं?" तेव्हा ते पुढं आले.

मी वकिली थाटात सुरुवात केली, म्हणजे जरा जास्तच लांबण लावली. मुद्दा एवढाच होता. दगड कुणी चोरला, असं आपण सगळे विचारत होतो. पण दगड चोरण्यात ज्याचा फायदा, त्या उत्कर्षला दगड आहे हेच मान्य नव्हतं, आणि तो त्या दिवशी इथं नव्हता. जो इथं होता, त्या गुंडाप्पाला हद्दीशी काही देणंघेणं नव्हतं. तरी तो घाबरलेला होता. माणूस हद्दीच्या दगडाला घाबरून कानाला हात लावत नाही. त्याच्या हातून दुसरंच काहीतरी झालं होतं.

"गुंडाप्पा, पांडव फुटला ना तुझ्या हातून?"

त्यानं लक्ष्मीबाईंकडं पाहिलं आणि थेट त्यांच्या पायाशी वाकला. मशीन मागं घेताना चाकाखाली एक दगड आला, दोन तुकडे झाले. खाली उतरून पाहतो तर चुना. घरी सांगायचीही त्याची छाती झाली नव्हती. तेव्हापासून त्याच्या बायकोला ताप येत होता आणि तो रोज खंडोबाला जात होता. हद्दीचा दगड? होय, तोही मातीबरोबर बकेटात आला होता. चांगला घडीव दिसला म्हणून त्यानं तो ढिगाच्या बाजूला उभा करून ठेवला. नंतर पांडव फुटला आणि मग त्याला कुठल्याही दगडाचं नाव नको झालं.

"मावशी," मी लक्ष्मीबाईंना विचारलं, "मातीत किती पांडव सापडले?"

त्या जरा गडबडल्या. "चार धड हुते. येक फुटला हुता. फुटका मांडत न्हाईत, म्हनून तुकडं वड्यात सोडलं. आन् शेजारीच येक दगड हुबा हुता, कुनी ठिवल्यासारका. म्हनलं, देवानंच दिला." बोलता बोलता त्यांचा हात तोंडावर गेला. "आगं बाई. त्यो व्हय?"

रानात माणसं इतके दिवस हद्दीच्या दगडाच्या नावानं भांडत होती आणि त्यांच्या डोळ्यासमोर हद्दीचा दगड म्हणजे रस्त्याकडेला असतो तसला काहीतरी मोठा दगड होता. त्यात हा दगड लक्ष्मीबाईंनी उलटा मांडला होता. फुलीची बाजू सपाट, म्हणून ती खाली. ज्यांनी लहानपणी फक्त त्याचं डोकं पाहिलं होतं त्यांना तो कसा ओळखू यावा? येळवशीला चाचा जेवायला आले असते तर त्यांनी तरी ओळखला असता की नाही, सांगता येत नाही. अण्णांनी स्वतः त्याच्यासमोर नारळ फोडला होता.

रास होईपर्यंत पांडव हलवत नाहीत. लक्ष्मीबाई तसं म्हणाल्याही, पण हळू आवाजात. बलभीमअण्णांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि पाचवा दगड उचलून उलटा केला. तळव्यानं माती पुसली. फुली होती.

बशीरचाचा उकिडवे बसले आणि त्यांनी फुलीवरून बोट फिरवलं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मलाही आलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी मला बाजूला नेलं आणि म्हणाले, "बाई, वैनीचं नाव कुटंच लिवू नका. हद्दीचा दगड हलवला म्हून त्यांच्यावर काय आलं, तर मला ती हीर नको." मी कबूल केलं. चोर नव्हताच, तर नाव कुणाचं लिहायचं?

मी खुशीत होते. आयुष्यात पहिल्यांदा एखादं कोडं कोर्टाच्या पायरीवर न जाता सुटलं होतं. अण्णा आणि चाचा एकमेकांशेजारी उभे होते, आणि मला वाटलं आता कुणीतरी चहा ठेवेल.

उत्कर्ष इतका वेळ दगडाकडं पाहत उभा होता. त्याला खरंच धक्का बसला होता, ते दिसत होतं. पण तो हुशार मुलगा होता.

"दगड सापडला, ताई," तो म्हणाला. "मी चुकलो, दगड होता. आता तो होता कुठं, तेवढं सांगा."

६

मोजणीदार आला तेव्हा मी दगड एका पोत्यावर ठेवून तयार होते. त्यानं तो निरखून पाहिला. अस्सल आहे म्हणाला. असे फार थोडे उरलेत, लोक घराच्या पायात घालतात, वरवंटे करतात. मग त्यानं मोजणीच्या मशीनची तिपाई उघडली आणि विचारलं, "कुठं होता?"

गुंडाप्पाला मी पुन्हा बोलावलं होतं. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की तो पूर्ण बांध ओढत आणत होता, काट्या, मुळं, माती सगळं एकत्र. दगड कुठल्या ओढीत आला ते त्याला कळलं नाही, रिकामं करताना दिसला. लक्ष्मीबाईंना दगड ढिगाशेजारी सापडला होता. पांडव बोराटीच्या कडेला असायचे, पण ती कड आता कुठं होती? ढीग जळून गेला होता, माती नांगरून समान झाली होती, आणि त्यावर कुळवाची पाळी घालून उत्कर्षनं जमीन इतकी छान केली होती की कुठं खड्डा नाही, उंचवटा नाही, एक मूळसुद्धा नाही.

मोजणीदारानं बलभीमअण्णांना विचारलं. उत्कर्ष म्हणाला, "बाबा, नक्की माहीत असेल तरच बोला." अण्णा विहिरीच्या बाजूनं चालत गेले, थांबले, परत आले, पुन्हा गेले. लहानपणी बापानं काट्या तोडून वाट केली होती आणि आत नेऊन दगड दाखवला होता, एवढं त्यांना आठवत होतं. आत म्हणजे किती आत, ते आठवत नव्हतं. "आंदाज न्हाय येत," ते म्हणाले. त्यांना चाचांसाठी खोटं बोलता आलं असतं आणि मुलासाठीही. त्यांनी दोन्ही केलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला.

राहता राहिले बशीरचाचा. बांध खोलीएवढा रुंद. दगड त्याच्या अलीकडच्या, म्हणजे चाचांकडच्या, कडेला होता, मधोमध होता की पलीकडच्या कडेला, यावर विहीर कुणाची ते ठरणार होतं. पलीकडं धरला तर विहीर त्यांची, अलीकडं धरला तर गेली. मी त्यांच्या कानाशी लागले. तीस वर्षांच्या वकिलीत मी अशिलाला इतक्या उघडपणे कधी शिकवलं नव्हतं. म्हणाले, चाचा, पलीकडं दाखवा. नुसतं बोट दाखवा. तुमच्या सांगण्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही. इथं बोराटी पाहिलेला तुमच्याइतका माणूस दुसरा नाही.

चाचा पुढं गेले. त्यांनी हात उचलला. मोजणीदार, उत्कर्ष, अण्णा, सगळे त्या हाताकडं बघत होते. चाचांचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि खाली आला.

"बाई," ते माझ्याकडं वळून म्हणाले, "म्या येकदाच बगिटला हुता. बापाचा हात धरून गेलो हुतो. मला न्हाय सांगता येत."

मोजणीदार वाईट माणूस नव्हता. त्यानं मदत करायचा प्रयत्न केला. "चाचा, जवळ एखादी खूण असेल की. दगड कशापाशी होता?"

"बोराटीखाली."

"आणि ती बोराटी कुठं होती?"

चाचांनी त्या सपाट मातीवर नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"दगडापाशी," ते म्हणाले.

मोजणीदारानं नकाशा उघडला, मशीन लावलं आणि वाटेच्या बाजूनं खुणा रोवत आला. मला माहीत होतं तसंच झालं. शेवटची खूण विहिरीच्या अलीकडं, चाचांच्या कांद्याच्या वाफ्यात आली. मी हरकत नोंदवली. दावा लावीन, असं मोठ्यानं म्हणाले. दावा लागेल, चालेल, वहिवाटीचे साक्षीदार येतील, तारखा पडतील. कांद्याला पाणी मात्र चार दिवसाला लागतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून माझ्याकडं कुणी बघितलं नाही.

माणसं पांगायला लागली. चाचांनी खुणेच्या अलीकडं उभं राहून विहिरीत डोकावून पाहिलं, मग बलभीमअण्णांजवळ आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बलभीम, मोटर उद्या काढू का परवा?"

अण्णा नुसते खांद्यावरचं उपरणं नीट करत राहिले. उत्कर्ष पुढं झाला आणि अगदी अदबीनं म्हणाला, "परवा काढली तरी चालेल, चाचा."